बाण नको म्हणाले होते

३ नोव्हेंबर

पोचलो. गुंडीला शब्द दिलाय, रोज नाही तरी एक दिवसाआड चार ओळी लिहीन, म्हणून ही वही. गुंडी म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी दिसली म्हणून ते नाव पडलं, आणि आता तीच गुंडी नववा महिना लागून बसली आहे. तिचं म्हणणं असं, की बाबा गावोगावच्या गमती सांगतात त्यातल्या निम्म्या थापा असतात, तेव्हा आता लिहूनच आणा, नातवंडाला वाचून दाखवू. बरं, लिहितो.

बसवाल्यानं पुलाशी उतरवलं. सोबत रंगांची ट्रंक, ब्रशांची पेटी आणि पाठीवर वळकटी. पुलाच्या टोकाला एक भाजीवाला गाडी लावून उभा होता. त्याला विचारलं, गावसमितीची कचेरी कुठे? त्यानं फुलकोबीनं भरलेली गाडी होती तशी रस्त्यात सोडली, माझी ट्रंक उचलली आणि चालायला लागला. मी म्हटलं, अहो, नुसतं सांगा, मी जाईन. तर म्हणे आमच्याकडे रस्ता सांगत नाहीत, पोचवतात. दहा मिनिटं चालून कचेरीच्या पायरीवर ट्रंक ठेवली आणि घाम पुसत परत गेला. आमच्या शहरात पत्ता विचारला तर माणूस फोनमधून डोळा वर करत नाही. हे तर देवमाणसांचं गाव निघालं.

खोली माडीवर आहे. एक पलंग, एक टेबल, गल्लीकडे उघडणारी खिडकी, भिंतीला तीन खुंट्या. खाली घरमालकीणबाईंची खानावळ. साठीच्या असतील, पण चालणं टुणटुणीत. माझ्या पोटाकडे एक नजर टाकून म्हणाल्या, आज जरा जास्त टाकते. माणूस ओळखतात.

काम साधं आहे. गाव एका जुन्या रणभूमीला लागून आहे, लोक बघायला यावेत असं समितीच्या मनात आहे, म्हणून प्रेक्षणीय जागांच्या आठ पाट्या रंगवायच्या. सोळाला काम संपवायचं, सतराला बस, अठराला घरी. डॉक्टरांनी बावीस तारीख दिली आहे. या वेळी उशीर होऊन चालणार नाही. गुंडी झाली तेव्हा मी परगावी सर्कशीचे फलक रंगवत होतो आणि तिसऱ्या दिवशी खाऊच्या गोळ्यांचा डबा घेऊन उगवलो. हिनं, म्हणजे गुंडीच्या आईनं, अठ्ठावीस वर्षांत त्यावर एक शब्द काढलेला नाही. फक्त तो डबा दर्शनी फळीवर ठेवलाय आणि त्यात सुईदोरा ठेवते. मला रोज दिसेल असा. तेव्हा अठरा म्हणजे अठरा. पाळण्याला रंगाचा पहिला हात मारून आलोय, दुसरा बाकी आहे.

४ नोव्हेंबर

मास्तरांनी आज गावभर फिरवलं. मास्तर म्हणजे समितीचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेले. पाट्यांची कल्पना त्यांचीच. चार परकी माणसं आली तर शाळेचं छप्पर होईल, असा त्यांचा हिशेब.

गाव छान आहे, पण कुणीतरी कात्री घेऊन फिरल्यासारखं वाटतं. चौकात सेनापतीचा घोड्यावरचा दगडी पुतळा आहे, त्याचा उजवा हात कोपरापासून गायब. झिजून पडला म्हणावं तर काप अगदी सरळ, करवतीचा. पिठाच्या गिरणीवर वाऱ्याचा पत्र्याचा कोंबडा आहे, त्याची चोच आणि शेपूट दोन्ही छाटलेली. वाऱ्यावर बिचारा भोपळ्यासारखा गरगरतो. आणि घड्याळाचा मनोरा! तबकडी इतकी सुरेख, आकडे इतके नेटके, की त्यातल्या चारला मी मनातून हात जोडले. पण काटे नाहीत. ठोके मात्र बिनचूक पडतात. मी म्हटलं, मास्तर, काटे मोडले असतील तर सांगा, पत्र्याचे करून देतो, वर पैसे नकोत. ते म्हणाले, ठोके ऐकू येतात ना, मग झालं.

नंतर विहीर, धान्याचं कोठार, जुनी वेस, नाव नसलेला स्मृतिस्तंभ, असं करत तिठ्यापर्यंत आलो. तिथून उजवा रस्ता पुलाकडे म्हणजे गावाबाहेर जातो. डावा रणभूमीकडे. सपाट जमीन, कमरेएवढं लव्हाळं, मध्येमध्ये पाणी चमकतं. मास्तर तिठ्यावरच थांबले. तिथून त्यांनी इतिहास सांगितला: अडीचशे वर्षांपूर्वी, अशाच धुक्याच्या दिवसांत, दोन फौजा दोन दिवस लढल्या. हरलेली फौज तिसऱ्या सकाळी याच तिठ्यावर आली. मग निघून गेली. मी विचारलं, कुठे? मास्तर चष्मा पुसायला लागले.

एक अट मात्र त्यांनी तीनदा सांगितली आणि करारातही लिहिली आहे. पाटीवर नाव आणि पाच ओळी माहिती. बाण नको. मी म्हटलं, बाणाशिवाय पाटी म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. ते म्हणाले, पाहुणा आला तर कुणीतरी सोबत जाईल, बाण नको.

आता हे कुणाला सांगताय? माझा बाण म्हणजे माझी सही आहे. शेपटी पाकोळीसारखी दुभंगलेली, उस्तादांनी हातावर पट्टी मारून मारून बसवलेली. आमच्या शहरातला इस्पितळाकडचा, स्टेशनाकडचा, झाडून सगळे बाण माझे. असो. गिऱ्हाईक म्हणेल तसं.

७ नोव्हेंबर

कोठारात काम मांडलंय. उजेड चांगला येतो. फळ्यांना अस्तर मारून झालं, घासून झालं, आज सुतळीला खडू लावून रेघा उडवल्या. पहिल्या तीन पाट्यांची अक्षरं आखली. ‘स्मृतिस्तंभ’ हा शब्द रंगाऱ्याचा अंत पाहतो, पण जमला. बघायला चार-पाच जण दाराशी उभे राहतात. कौतुक करतात, पण कुणी बोट दाखवून हे अक्षर, ते अक्षर करत नाही. हात खिशात.

जेवताना मालकीणबाईंना विचारलं, मीठ कुठे आहे? त्या चूल सोडून उठल्या, बरणी आणून हातात दिली. बरणी माझ्या मागच्याच फळीवर होती. मी म्हटलं, नुसतं दाखवायचं की. त्या म्हणाल्या, आम्हाला नाही हो जमत ते.

मला हिची आठवण आली. हिचं बरोबर उलटं. ही जन्मात कुणाला रस्ता विचारत नाही. माणूस भिडेखातर काहीही सांगतो, पाटीला भीड नसते, असं तिचं तत्त्व. एकदा परक्या गावात पोलीस समोर उभा असताना आम्ही दीड तास वणवण केली, पण बाईसाहेबांनी तोंड उघडलं नाही. पाटी दिसेपर्यंत चालत राहिली. आणि पाटी माझ्या हाताची असेल तर धावत्या बसमधून ओळखते. भांडण झालं तरी माझ्या अक्षरावर तिचा विश्वास आहे, एवढं खरं.

मालकीणबाई रोज दुपारी एक डबा घेऊन बाहेर पडतात आणि मोकळ्या हातानं येतात. कुणासाठी ते सांगत नाहीत. मी विचारलंही नाही. सगळंच विचारायला मी काय वकील आहे?

१० नोव्हेंबर

आठही पाट्या झाल्या! सहा दिवस आधी! मास्तर खूश. आज सगळीकडे ठोकूनही आलो. मालकीणबाईंनी पुतळ्याची पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, अक्षर बोलतं तुमचं.

घरी फोन लावावा म्हटलं तर गावात रेंज नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी जरा येते. गुंडी बरी आहे, पाय सुजलेत. हिला सांगितलं, अठराऐवजी तेरालाच येतो. हिनं विचारलं, कुणाचं लग्न मोडून निघालात? मी आलो की तिला धक्का बसणार आहे. आज फार बरं वाटतंय.

एक फळी उरली आहे. चांगली सागवानी. हात शिवशिवतायत.

११ नोव्हेंबर

केला. शेवटी केला बाण. कुणाला न सांगता, मनापासून. ‘पुलाकडे’ एवढाच शब्द आणि त्यापुढे माझा पाकोळीच्या शेपटीचा बाण, पिवळ्यावर काळा. परका माणूस तिठ्यावर धुक्यात उभा राहिला तर त्याला गावाबाहेरची वाट कळायला नको? उद्या मी गेल्यावर मास्तर कुरकुरतील, परवा धन्यवाद म्हणतील.

सकाळी सगळे चहा-न्याहारीत असताना नेऊन उभी केली. गंमत म्हणजे खड्डा खणावा लागला नाही. तिठ्यावर गवतात एक दगड आहे, त्यात चौकोनी भोक. माझा खांब त्यात असा बसला, जणू मापानं कापून आणला होता.

१२ नोव्हेंबर

कुणीतरी पाटी फिरवली. बाण डावीकडे, लव्हाळ्याकडे. पोरंटोरं असतील म्हणून सरळ केली, खाली पाचर ठोकली. धुकं इतकं होतं की माझाच ब्रश मला धुरकट दिसत होता.

बाणाच्या टोकाला रंगाचा हात मारत होतो तेव्हा एक माणूस आला. कमरेपर्यंत चिखल. तोंडावरही. शेतातून आला असेल वाटलं. फार अदबीनं विचारलं, बाहेर जायचा रस्ता कुठला हो? माझे हात रंगाचे. मी ब्रशानंच बाण दाखवला, म्हटलं, हा काय, इकडे. तो मान लववून गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. तोच प्रश्न, तेच अदबशीर बोलणं. तिघांनाही ब्रशानं दाखवलं. पाटी लावून चोवीस तास झाले नाहीत आणि उपयोग सुरू, म्हणून मनात फुशारलोसुद्धा.

ब्रश आवरून तिठ्यावरून निघताना पुन्हा नजर गेली. पाटी परत डावीकडे होती. पाचर जागच्या जागी. म्हणजे मी दाखवत होतो तेव्हा ती —

नाही, मी नीट बघितलं होतं. बहुतेक.

जेवताना हे सगळं मालकीणबाईंना सांगितलं, हसण्यावारीच. त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. एकच विचारलं: सोबत गेलात, की नुसतं दाखवलंत? मी म्हटलं, ब्रशानं दाखवलं. त्यांनी जाऊन दाराला कडी घातली.

१३ नोव्हेंबर

आज मी घरी असायला हवा होतो.

मालकीणबाईंनी काल सांगितलं ते लिहून ठेवतो. हरलेली फौज तिठ्यावर आली तेव्हा तिथे दिशेची पाटी होती. फौज गावात राहिली तर हिवाळ्याचं धान्य संपवेल, म्हणून गावानं पाटी फिरवली. धुक्यात काहींना शंका आली. त्यांनी दारोदार विचारलं. गावातल्या प्रत्येकानं दारात उभं राहून बोटानं लव्हाळ्याकडे दाखवलं. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी. बाराशे माणसं होती, बहुतेक जखमी. त्यांना फक्त घरी जायचं होतं. दुपारपर्यंत दलदलीतून आवाज येत होते, म्हणे. मग बंद झाले.

तेव्हापासून ते विचारत येतात. कुणी काही दाखवलं नाही की निघून जातात. दाखवलं, की मग ते त्या माणसाला सोडत नाहीत, आणि गाव त्याला सोडत नाही. म्हणून पुतळ्याचा हात कापला, कोंबड्याची चोच कापली, घड्याळाचे काटे काढले. मी म्हटलं, असल्या गोष्टी लहान मुलांना सांगा. त्या म्हणाल्या, माझा नवरा तीस वर्षं मनोऱ्यात आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. खिडकीतून एकाला बोट दाखवलं होतं त्यांनी, एवढंच. रोजचा डबा त्यांचा.

ट्रंक उचलून तडक निघालो. तिठा, उजवा रस्ता, पूल अर्ध्या मैलावर. अर्धा तास चाललो. धुक्यातून एक खांब दिसला. माझीच पाटी.

पुन्हा गेलो. पुन्हा तिठा. पाच वेळा. ट्रंक तिथेच टाकली.

१४ नोव्हेंबर

मास्तरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, तुमच्या गावात पोचवतात ना? मला पुलापर्यंत पोचवा. मास्तर दाराच्या फटीतून बोलले. म्हणाले, करारात लिहिलं होतं, पेंटर. तीनदा सांगितलं होतं. आता जो सोबत येईल तोही हरवेल. भाजीवाल्यानं तर मला बघून गाडी फिरवली. हाच माणूस माझी ट्रंक डोक्यावर घेऊन गेला होता.

चूक माझी आहे. कबूल. पण एवढी?

गल्लीत ते उभे आहेत. दिवसाढवळ्या, रांगेत, चिखलानं माखलेले. काल अकरा होते, आज मोजले नाहीत. मारत नाहीत, ओरडत नाहीत. खिडकीकडे बघून विचारतात. आणि ते विचारतात तेव्हा माझा उजवा हात आपोआप उठतो. खरं सांगतो, मी उठवत नाही. हातावर बसून जेवलो.

१५ नोव्हेंबर

मालकीणबाई म्हणाल्या, मी येते. तीस वर्षांपूर्वी यांच्यासोबत जायला पाय उचलला नाही, आता उचलते. तुमच्या लेकीचे दिवस भरत आलेत. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मला गुंडी दिसत होती.

माझी खडूची सुतळी घेतली. एक टोक माझ्या कमरेला, एक त्यांच्या. त्या पुढे, मी मागे. त्या सारख्या बोलत होत्या, म्हणजे धुक्यात चुकामूक नको. नवऱ्याला डाळीत मीठ जास्त लागतं, हे सांगत होत्या. पुलाचा कठडा दिसला! ओला दगड, त्यावरचं शेवाळ, खालच्या पाण्याचा आवाज. मी रडलो तिथे. त्या म्हणाल्या, बघा, सोबत असली की —

सुतळीला हिसका बसला. मग ढिली पडली. ओढली तर सरसर आली. टोक ओलं. चिखलाचं. गाठ तशीच बांधलेली.

समोर माझी पाटी होती.

१६ नोव्हेंबर

खानावळ बंद आहे. चुलीवर कालचा भात. मी डबा भरला आणि मनोऱ्यात नेला. दुसरं कोण नेणार?

वर एक म्हातारा गृहस्थ. दोन्ही हात फडक्यानं काखेत बांधलेले. डबा घेऊन ही का नाही आली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते मग म्हणाले, कधीतरी जाणार हे ठाऊक होतं, तिला माझ्यापुढे लाज वाटायची. मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. माझ्यामुळे गेल्या त्या. त्यांनी मला काही बोल लावला नाही. भरवा म्हणाले. भरवलं. डाळीत मीठ कमी होतं.

१७ नोव्हेंबर

पाटी जाळली. रॉकेल ओतून. राख झालेली स्वतः तुडवली.

परत येताना वेशीवर पाटी. विहिरीवर पाटी. पिवळ्यावर काळा, ‘पुलाकडे’. माझं अक्षर. माझी पाकोळीची शेपटी. मी केलेल्या नाहीत. रंग ओला होता.

सगळे बाण लव्हाळ्याकडे.

१८ नोव्हेंबर

मनोऱ्यातच राहतोय. गल्ली भरली. काका म्हणतात (मी त्यांना काका म्हणतो), तीस वर्षांत एकच गोष्ट कळली. त्यांना बाण नको आहे. बोट नको आहे. दाखवणारे त्यांना खूप भेटले. सोबत चालणारा कुणी भेटला नाही. लव्हाळ्यापर्यंत, लव्हाळ्यात, जिथे जातील तिथे. मी विचारलं, मग तुम्ही का गेला नाहीत? काका म्हणाले, हिंमत झाली नाही, दुसरं काय.

माझीही नाही. आज अठरा.

१९ नोव्हेंबर

मुलगी झाली! फोन लागला. तीन दिवस आधीच. दोघी सुखरूप. गुंडी म्हणाली, बाबा, नाक तुमचं आहे, बिचारी. मी हसलो. हसताना मांडीखाली दाबलेला हात सुटला. खाली सगळ्यांनी माना वर केल्या.

हिनं फोन घेतला. एवढंच विचारलं, या वेळी कुठली सर्कस? मी सगळं सांगितलं. सगळं. ती मग म्हणाली, काही घेतलंय का तुम्ही? मी येते न्यायला. मी म्हटलं, येऊ नकोस, तुझ्या पाया पडतो, येऊ नकोस. तिनं रस्ता विचारला नाही. म्हणाली, तुम्ही पाट्याच लावायला गेलात ना, मग सापडेल मला.

२० नोव्हेंबर

दिवसभर फोन. लागत नाही. पूल दिसत नाही. मास्तरांना वरून हाक मारली, पुलावर माणूस उभा करा, तिच्या सोबत — त्यांनी खिडकी लावून घेतली.

हात सुतळीनं बांधलाय. लिहायला तेवढा सोडतो.

पाळण्याला रंगाचा दुसरा हात राहिला. अंगठ्यानं खरवडलं तर पहिला निघेल. गुंडीला सांगायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

सकाळ. फोन. ही. बसमधून उतरली. धाप लागलेली, खुशीत. म्हणाली, पावलोपावली पाट्या आहेत हो, लांबूनच ओळखलं अक्षर, काय सुंदर — ओरडलो थांब. जिथे आहेस तिथे थांब. वाचू नकोस. ती म्हणाली, इथे जरा ओल आहे, चप्पल रुतली —

बंद.

बंद. बंद.

दुपार असावी. ठोके मोजले नाहीत. धुकं जरा विरलं. लव्हाळ्यात कुणी नाही. नुसत्या पाट्या. शेकडो. पिवळ्या.

रांग सरकली. कुणाला तरी पुढे वाट दिली.

खालून आवाज. हिचा. खोकण्यावरून सुद्धा ओळखेन. डोळे मिटले. देवा, ओरड, भांड, गोळ्यांच्या डब्याचं काढ, काहीही —

विचारतेय. फार अदबीनं. बाहेर जायचा रस्ता कुठला हो?

ही जन्मात कुणाला रस्ता विचारत नाही.

काका म्हणतात, जाऊ नका, ती आता तुमची नव्हे. कमरेपर्यंत चिखल आहे. एक चप्पल नाही. माझ्याकडेच बघते.

हात उठतोय. दाखवणार नाही. नाही दाखवणार.

वही काकांच्या उशाला. गुंडीला द्या कुणीतरी. पोरीला वाचून दाखवा. थापा नाहीत.

एकदा उशीर केला होता. पुन्हा नाही.

सुतळी सोडली. उतरतो. तिला म्हणेन, हात धर, मी दाखवत नाही, मी सोबत ये